आतल्या बाजूची तारीख

पहाटे साडेपाचला पावांच्या पाट्या मागे रचून निघते.
रेनो माझ्या लग्नाआधीची,
गिअर डॅशबोर्डातून बाहेर आलेला, छत्रीच्या मुठीसारखा.
दारांच्या कड्यांना लोक रात्रीच कापडी पिशव्या अडकवून ठेवतात.
मोजून पाव टाकते, हॉर्न देते, पुढचं गाव.

सांता बार्बराच्या चॅपेलपाशी रस्ता डावीकडे मुरडतो.
तिथे हल्ली ती माझं ऐकेना.
मी वळवते, ती सरळ जाते.
अजून वळवते,
स्टिअरिंग हलकं होतं, सैल भिजलेल्या पिठात हात फिरावा तसं,
आणि दरीतली चेस्टनटची झाडं
काचेत एकदम मोठी होतात.

हवा कमी असेल, पोस्टमन म्हणाला.
वेग जास्त असेल, नणंद म्हणाली.
वय झालं, कॅफेतलं कुणीतरी म्हणालं.
कुणाचं, ते विचारायचं राहिलं.

अदेरितुने एकतीस वर्षं ब्रागान्साची बस चालवली.
त्याने बॉनेट उघडलंच नाही.
विचारत राहिला:
कोरड्यात की ओल्यात?
दोन्हीत.
जाताना की येताना? भरलेली की रिकामी?
दोन्ही, दोन्ही.
ब्रेक मारल्यावर की मारण्याआधी?
हे मला सांगता येईना.
वळणावर मी काय करते, ते माझ्या पायालाच ठाऊक.

मग त्याने शाळेतला खडू घेतला,
पुढच्या टायरच्या खांद्यावर तीन रेघा ओढल्या
आणि म्हणाला, जाऊन ये, घाबरू नकोस.
आले. रेघा पुसल्या होत्या त्या जागीच पुसल्या होत्या.
म्हणजे हवा ठीक.
जॅकवर चाक उचललं, वरून-खालून धरून हिसडलं.
बॉल जॉइंट गप्प.
बुशमध्ये पहार घालून पाहिलं,
रबर थोडं कुरकुरलं, तेवढं सगळ्यांचंच कुरकुरतं.

टायर तर नवे आहेत, मी म्हटलं.
खाचा बघ, केवढ्या खोल.
वालदेमारने आणलेले.

माझा भाऊ फ्रान्सला टायरच्या कारखान्यात.
एका ऑगस्टला सुट्टीवर आला तो
गाडीच्या टपावर दोन टायर बांधून,
बाराशे किलोमीटर, दोरीची दुहेरी गाठ.
म्हणाला, हे तुला रस्ता सोडू देणार नाहीत.
मी जपून ठेवले. धान्याच्या कोठीत, गोणपाटात.
आधीचे पार झिजले तेव्हा गेल्या हिवाळ्यात काढले.
जिन्नस वापरला नाही म्हणजे नवा,
आमच्या घरात असंच धरतात.

अदेरितु पाठीवर झोपून गाडीखाली सरकला.
तारीख आतल्या बाजूला असते, तो खालून म्हणाला,
जिकडे गाडीवाला कधी बघत नाही.
चार आकडे. एक, एक, शून्य, आठ.
दोन हजार आठ, अकरावा आठवडा.
मार्च.
सोळा वर्षं, फेलिज्मिना.

त्याने माझा अंगठा घेऊन रबरावर दाबला.
नख रुतेना. खाचांच्या तळाशी
केसाएवढ्या भेगा, नदी आटल्यावरच्या चिखलासारख्या.
दात शाबूत आहेत, तो म्हणाला, चावा गेलाय.

नवे घेतले. दोन महिन्यांच्या पावाचे पैसे.
त्या दिवशी चॅपेलपाशी मी वळवलं आणि गाडी वळली,
इतकी साधेपणाने की मला रडू आलं,
आणि पिशव्या वाट बघत होत्या म्हणून थांबलेही नाही.

जुने अजून कोठीत आहेत. त्याच गोणपाटात.

रविवारी वालदेमारचा फोन येतो.
त्याचा श्वास हल्ली वाक्याच्या मध्येच संपतो,
कारखान्याची धूळ, म्हणतो, दुसरं काही नाही.
मग न चुकता विचारतो:
वळणावर धरते ना गाडी?

धरते, मी म्हणते.
घट्ट धरते.